मोडीच्या भावातली भांडी

गॅलिलीच्या सरोवराच्या पश्चिम काठावर तबरिया हे जुने शहर आहे. नकाशात ते टायबेरियस या नावाने सापडते, पण अरबी इतिहासकारांचे ते तबरियाच. उमय्या खिलाफतीच्या काळात ‘जुंद अल-उर्दुन्न’ या प्रांताचे हे मुख्य ठाणे होते. १९९८ साली या शहराच्या जुन्या भागात यिझ्हार हिर्शफेल्ड आणि ओरेन गुटफेल्ड हे पुरातत्त्वज्ञ उत्खनन करीत होते. तेव्हा एका इमारतीच्या जमिनीखाली मातीचे तीन मोठे रांजण मिळाले. रांजण धान्याचे किंवा तेलाचे असतील असे कुणालाही वाटले असते. पण ते तांब्या-पितळेच्या आणि काशाच्या वस्तूंनी ठासून भरलेले होते. दिवे, दिव्यांच्या उभ्या समया, सुरया, वाडगे, तबके, बादल्या, डबे, खल, दौती अशा सुमारे हजार वस्तू आणि त्यांचे तुकडे त्यांतून निघाले. फातिमी काळातील धातुकामाचा एवढा मोठा साठा एका जागी तोपर्यंत मिळालेला नव्हता.

बातम्यांमध्ये या साठ्याला ‘खजिना’ म्हटले गेले. मला तो शब्द तितकासा पटत नाही. यातल्या पुष्कळ वस्तू धड नाहीत. कुठे सुरईची नुसती मूठ आहे, कुठे समईचा एकच पाय, कुठे तबकाचा चेपलेला काठ. जोडीला कारखान्यातला कीस-कचराही आहे. आपल्याकडचा तांबट किंवा कासार हे रांजण पाहता तर त्याने एका शब्दात निकाल दिला असता : मोड. जुनी, फुटकी, ठोके पडलेली भांडी वजनावर घ्यायची, वितळवायची आणि त्याच धातूची नवी घडवायची, हा जगभरच्या भांडेवाल्यांचा रिवाज आहे. उत्खनन करणाऱ्यांचेही मत असेच पडले, की ही जागा धातुकामाच्या कारखान्याची होती आणि रांजणातला बराच माल पुन्हा भट्टीत जाण्यासाठी जमवलेला होता. तो भट्टीत गेला नाही म्हणून आपल्या हाती लागला.

ही गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी अशी आहे. मातीचे भांडे फुटले की त्याची किंमत शून्य होते. खापर उकिरड्यावर जाते आणि हजार वर्षे तिथेच पडून राहते. म्हणून कोणत्याही जुन्या गावाच्या पांढरीत हात घातला की खापरेच खापरे मिळतात. धातूचे तसे नाही. तांब्याचे भांडे फुटले तरी तांबे तांबेच राहते आणि त्याला भाव असतो. ते हातोहात भट्टीकडे परत जाते. इराणमधील निशापूर येथे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३५ नंतर काही वर्षे उत्खनन केले. तिथेही चिनीमातीसारख्या झिलईदार भांड्यांचा ढीग लागला, धातूची भांडी मात्र त्या मानाने थोडी. याचा अर्थ निशापूरचे लोक तांब्या-पितळेत जेवत नव्हते असा होत नाही. ज्या वस्तूला समाजाने सर्वांत जास्त जपले, तीच वस्तू इतिहासातून सर्वांत आधी नाहीशी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तबरियाची ही भांडी ज्या काळातली, त्याच काळात एक मोठा प्रवासी या शहरातून गेला. नासिर खुसरो १०४७ च्या सुमारास तबरियात होता. त्याचा ‘सफरनामा’ फारसीत आहे. तबरियाच्या गरम पाण्याच्या हमामाबद्दल आणि तिथल्या नमाजाच्या चटयांबद्दल त्याने लिहिले आहे. पण भांड्यांविषयी त्याची खरी नोंद कैरोची आहे. पाण्यासाठी दमिश्कच्या घडणीच्या मोठ्या तांब्याच्या घागरी तिथे वापरात होत्या आणि त्या सोन्यासारख्या लखलखत, असे तो सांगतो. आणखी एक माहिती त्याच्या कानावर आली : एका बाईकडे अशा पाच हजार घागरी होत्या आणि ती त्या महिना एक दिरहम भाड्याने देत असे. घागर परत करताना ती धड असली पाहिजे, ही अट. लग्नकार्यात भाड्याने देग आणणाऱ्या आपल्या लोकांना या व्यवहारात नवल वाटणार नाही. मला नवल वाटते ते त्या बाईचे. अकराव्या शतकात पाच हजार घागरींचा धंदा चालवणारी मुसलमान शहरातली एक बाई! शाळेतल्या इतिहासात सुलताना रझियाशिवाय मध्ययुगातली दुसरी मुस्लिम स्त्री मुलांना क्वचितच भेटते, आणि रझियाही सिंहासनावर बसली म्हणून.

भांडी भट्टीत गेली, पण कागद काही ठिकाणी उरले. कैरोजवळच्या फुस्तात येथील यहुदी प्रार्थनागृहात जुने कागद साठवण्याची एक खोली होती. तिला गनीजा म्हणतात. देवाचे नाव असलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, ही यहुद्यांची श्रद्धा. कुराणशरीफचे जीर्ण पान आपणही असेच सांभाळून ठेवतो किंवा दफन करतो. तर या श्रद्धेपायी पत्रे, हिशेब, करारनामे असे लाखो तुकडे त्या खोलीत पडून राहिले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले बरेचसे केंब्रिजला नेले आणि पुढे एस. डी. गॉइटाइन या विद्वानाने आयुष्याची अनेक वर्षे त्यांच्या वाचनात घालवली. यांतला बराच मजकूर भाषेने अरबी आणि लिपीने हिब्रू आहे.

या कागदांतून अब्राहम बिन यिजू नावाचा एक व्यापारी समोर येतो. मूळचा ट्युनिशियाचा, धर्माने यहुदी. ११३२ ते ११४९ या काळातली बरीच वर्षे तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूर आणि मलबार या भागात राहिला. अमिताव घोष यांनी आपल्या ‘इन ॲन अँटिक लँड’ या पुस्तकात त्याचाच माग काढला आहे. मिरी-सुपारीच्या व्यापाराबरोबर त्याचा भांडी घडवण्याचा कारखानाही होता. एडनचा एक व्यापारी त्याला पत्र लिहितो आणि पत्रासोबत जहाजातून फुटका इब्रिक आणि तश्त पाठवतो. याचा धातू चांगला आहे, याच धातूचा नवा इब्रिक करून पाठवावा, असे त्याचे सांगणे. नव्या इब्रिकचे वजनही तो ठरवून देतो. उरलेल्या धातूत सोबत पाठवलेले पितळ आणि कलई घालून जेवणाची भांडी करावीत आणि ती किती बोटे रुंद असावीत, हेही लिहितो. एडनची मोड जहाजाने मलबारला यायची, तिथले कारागीर ती आटवून नवी भांडी घडवायचे आणि भांडी परत एडनला जायची. अरबी समुद्र ओलांडून जाणारी ही मोड! गिऱ्हाईक यहुदी, समुद्रातले पुष्कळसे नाखुदा मुसलमान, भाषा अरबी. भट्टीवरचा हात मलबारी होता. त्या काळच्या आपल्या चेऊल, ठाणे या बंदरांतही हेच वारे वाहत होते. मसूदी ९१६ च्या सुमारास चेऊलला आला तेव्हा त्याला तिथे हजारोंची मुस्लिम वस्ती आढळली होती.

त्या पत्रातला कलई हा शब्द आपला ओळखीचा आहे. मलाया द्वीपकल्पाकडचे कलह नावाचे बंदर अरबांना ठाऊक होते. तिकडून येणारे कथील ते ‘कलई’. उर्दूत ती कलई राहिली, मराठीत कल्हई झाली. गल्लीत भाता मांडून बसणारा आणि नवसागराचा धूर काढणारा कल्हईवाला रोज तोंडात हा शब्द घेत होता. त्यात एका बंदराचे नाव आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. तश्ताचे मराठीत तस्त झाले, सुराहीची सुरई झाली, तबक आणि रकाबी तशीच राहिली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात हे शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहिले, की मुलांना दोन भाषांमधली भिंत किती पातळ आहे ते न सांगताच कळते. असो.

गनीजातल्या कागदांत लग्नाच्या याद्याही आहेत. नवरीने माहेराहून काय आणले त्याच्या या याद्या. दागिने, कपडे, बिछाने यांच्याबरोबर ‘नुहास’, म्हणजे तांबे, असा वेगळा भाग त्यांत असतो. त्याखाली तश्त, इब्रिक, समया, बादल्या अशी भांडी एकेक करून लिहून किंमत घातलेली. या याद्या यहुदी घरांतल्या आहेत, पण भांडी सर्वांची एकाच बाजारातली होती. तबरियाच्या रांजणांतली भांडी अशाच घरांतून आलेली असणार. राजवाड्यातले सोन्या-चांदीचे कोठार ते नव्हे. व्यापारी, कातिब, दुकानदार अशांच्या घरचा हा संसार आहे.

याला भांड्यांवरच्या लेखांचा आधार आहे. त्या काळच्या पुष्कळशा भांड्यांवर कूफी लिपीत कोरलेले शब्द असतात : बरकत, सलामती, खुशी, आणि ती कुणासाठी, तर ‘याच्या मालकासाठी’. मालकाचे नाव नसते. कारण भांडे घडवताना मालक कोण होणार हे कारागिराला ठाऊकच नसे. बाजारात ठेवायचे, येईल त्याने घ्यायचे, आणि दुआ त्याला लागू. आपल्याकडे भांडे घेतल्यावर दुकानातच नाव घालून घेतात, गाव आणि तारीखसुद्धा. तिथे दुआ आधी कोरलेली आणि मालक नंतर. एखाद्या वस्तूवर सुलतानाचे नाव असेल तर तिला संग्रहालयात काच मिळते. या निनावी दुआवाल्या भांड्यांनी मात्र मध्ययुगातला मुसलमान कसा जगत होता ते सांगितले आहे. तो जेवत होता, जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर सुरईने पाणी घालत होता, संध्याकाळी दिवा लावत होता. आमच्या पाठ्यपुस्तकांत तो घोड्यावरून खाली उतरलेला मी फारसा पाहिला नाही.

सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणे-पिणे हदीसमध्ये मना आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही मनाई येते. अमीर-उमरावांनी ती नेहमी पाळली असे म्हणता येणार नाही, पण तांबे, पितळ आणि काशे यांना त्यामुळे मान मिळाला, हे खरे. अल-बैरूनीने धातूंवरच्या आपल्या ग्रंथात एक हकीकत नोंदली आहे. हज्जाजने लोकांची सोन्या-चांदीची भांडी फोडायला लावली, त्यानंतर ‘सफीदरू’ म्हणजे पांढऱ्या तोंडाचा एक धातू पुढे आला. हज्जाजविषयी सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी जशाच्या तशा घेऊ नयेत. पण खुरासानात मिळालेले हे पांढरे काशे खरे आहे. तांब्यात सुमारे पाचवा हिस्सा कथील घालून, लाल तापवून, ठोकून ही भांडी बनवीत. थंड झाल्यावर ठोकली तर ती तडकतात. आपल्या काशाच्या ताट-वाट्यांचा धातू जवळपास हाच.

या कलेने पुढे काय उंची गाठली ते पाहायचे तर हेरातची ११६३ सालची बादली पाहावी. ती आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. तिच्यावर चांदी आणि तांब्याची तार जडवून घोडेस्वारांच्या, गाण्याबजावण्याच्या चित्रांच्या रांगा काढल्या आहेत. विशेष म्हणजे तिच्यावर नावे आहेत. ओतणारा मुहम्मद बिन अब्दुल वाहिद, जडकाम करणारा मसऊद बिन अहमद. ज्याच्यासाठी केली तो एक व्यापारी, हाजींची शान असे त्याचे वर्णन आहे. कारागिराचे नाव गिऱ्हाइकाच्या नावासोबत यावे, हे आजही आपल्याकडे कितीदा घडते?

तबरियाच्या कारागिराचे नाव मात्र त्या रांजणांनी सांगितलेले नाही. त्याचा धर्मही सांगितलेला नाही. रांजणांच्या जोडीला तांब्याची बायझंटाईन नाणी मिळाली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये पाडलेल्या या नाण्यांवर राजाऐवजी येशूची प्रतिमा असते. म्हणून भाविक यात्रेकरू तबरियात येत असावेत, असा तर्क केला गेला. तोही संभवतो. पण तांबटाला तांब्याचे नाणे म्हणजेही तांबेच. नाण्यांवरून साठा अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरला गेला, असे दिसते. ते दिवस वाईट होते. १०३३ आणि १०६८ च्या भूकंपांनी हा प्रदेश हादरला होता. १०७० नंतर अत्सिझ या सरदाराच्या तुर्कमान टोळ्यांनी फिलिस्तीन फातिमींकडून हिसकावून घेतला. १०९९ मध्ये क्रुसेडर आले, जेरुसलेम पडले आणि गॅलिली टँक्रेडच्या हाती गेली. २०१३ मध्ये एलियास खमीस यांनी या साठ्याचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात समयांचे पाय, सुरयांच्या मुठी, तबकांचे काठ यांची एकेक करून मोजदाद केली आहे. भट्टी पेटवायला तो कारागीर काही परत आला नाही.