वीबोर्गच्या भिंती आणि योआकिम स्कोवगार्ड

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पात वीबोर्ग नावाचे एक प्राचीन नगर आहे. जटलंडच्या लोकांची महासभा पूर्वी येथे भरत असे आणि नव्या राजाचा जयघोष होऊन त्याच्या सत्तेस मान्यता मिळे तीही येथेच. सोळाव्या शतकात हान्स टाउसेन या धर्मोपदेशकाने ल्यूथरच्या मताचा पुरस्कार केला तो याच नगरात. अशा या इतिहासप्रसिद्ध नगराच्या कॅथीड्रलचे बांधकाम ११३० च्या सुमारास सुरू झाले. परंतु आगीने या वास्तूचा पिच्छा पुरविला. १७२६ मध्ये तर नगराबरोबर हे चर्चही होरपळून निघाले. त्यानंतर क्लाउस स्टालक्नेख्ट या वास्तुकाराने आपल्या काळाच्या अभिरुचीप्रमाणे ते पुन्हा उभे केले.

एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना मात्र ही सरमिसळ रुचली नाही. मूळ चर्च रोमनेस्क शैलीचे, म्हणजे जाड भिंतींचे आणि अर्धवर्तुळाकार कमानींचे. तेव्हा नंतरच्या शतकांनी घातलेली भर काढून टाकून मूळ रूप पुन्हा प्रकट करावे, असे त्यांनी ठरविले. ऐकावयास हा विचार मोठा शुद्ध वाटतो. प्रत्यक्षात घडले ते असे की, १८६३ ते १८७६ या काळात चर्च जवळजवळ संपूर्ण उतरविण्यात आले आणि त्याच जागी ग्रॅनाइटचे नवे चर्च बांधण्यात आले. जुन्यापैकी जमिनीखालचे तळघर तेवढे राहिले. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जीर्ण तेही गेले आणि उद्धार झाला तो एका कल्पनेचा! त्यातच १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग हे प्रांत गमावले. राष्ट्र दुखावलेले होते, आपल्या पूर्ववैभवाच्या खुणा जपू पाहत होते, आणि त्या पूर्ववैभवाचे एक स्मारक म्हणून हे दुहेरी मनोऱ्यांचे चर्च दिमाखाने उभे राहिले. आत पाऊल टाकले म्हणजे मात्र भिंती उघड्या. मध्ययुगातील चर्च कधीही असे मुके नव्हते. त्याच्या भिंतींवर साऱ्या धर्मकथा रंगविलेल्या असत. नक्कल झाली होती ती दगडाची. दगडाला बोलते करणारा कोणी अजून भेटला नव्हता.

ज्या १८७६ साली या चर्चचे समर्पण झाले त्याच वर्षी कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमीतील पाच वर्षांचे शिक्षण संपवून विशीच्या उंबरठ्यावरचा एक तरुण बाहेर पडला. योआकिम स्कोवगार्ड हे त्याचे नाव. वीबोर्गच्या भिंतींशी आपला काही संबंध येईल, हे त्याच्या स्वप्नीही नसावे. तो निसर्गचित्रकाराचा मुलगा होता आणि निसर्गचित्रकारच होणार होता.

त्याचा पिता पेटर क्रिस्टियान स्कोवगार्ड हा डॅनिश चित्रकलेच्या सुवर्णयुगातील एक अग्रगण्य चित्रकार. डॅनिश भाषेत ‘स्कोव’ म्हणजे अरण्य, आणि या गृहस्थाने आपले आडनाव शब्दशः सार्थ केले. डेन्मार्कमध्ये पर्वत नाहीत. देशातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरही भरत नाही. मोठे धबधबे नाहीत, हिमशिखरे नाहीत. मग चित्रकाराने काढावे काय? नील्स लाउरिट्स होयेन या कलाशास्त्रज्ञाचे उत्तर असे की, परदेशच्या भव्यतेमागे धावू नका, आपल्याच भूमीकडे व आपल्याच लोकांकडे पाहा. थोरल्या स्कोवगार्डने ते मनोमन मानले. बीच वृक्षांची राने, त्यांच्या गुळगुळीत राखाडी खोडांवरून उतरणारा प्रकाश, मे महिन्यात एकाएकी फुटणारी कोवळी पालवी यांचे त्याने इतके आदराने चित्रण केले की, ते रान म्हणजेच आपले देवालय असे पाहणाऱ्यास वाटावे. १८५७ चे त्याचे ‘मे महिन्यातील बीचचे रान’ हे चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे.

योआकिमचा जन्म १८ नोव्हेंबर १८५६ चा. आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे नाव त्यास ठेवले होते. हे आजोबा योआकिम फ्रेडरिक स्कौ नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि डेन्मार्कचे संविधान तयार करणाऱ्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. एकीकडून रानाचे रंग, दुसरीकडून पानाफुलांचे शास्त्र, असा हा वारसा. घरी वावर होता तो ग्रुंटविग या थोर धर्मचिंतकाच्या विचारांचा. त्यांची स्तोत्रे घरोघर गाइली जात, आणि ख्रिस्ती धर्म व मातृभूमीची भाषा यांची फारकत होऊ नये असा त्यांचा आग्रह होता. मुले लहान असतानाच, १८६८ मध्ये आई वारली. पुढे १८७५ मध्ये पिताही गेला. त्या वेळी योआकिम अवघा अठरा वर्षांचा होता. धाकटा भाऊ नील्स व बहीण सुझेट हीही पुढे कलावंत म्हणून नावारूपास आली. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना घरातच मिळालेले होते.

पिता अकाली गेला म्हणजे मुलगा पुष्कळदा त्याचेच अपुरे काम पुढे चालवीत राहतो. योआकिमनेही आरंभी तेच केले. उघड्यावर बसून शेते, किनारे व झाडे रंगविण्यात त्याचा हात चांगला बसला. १८८० मध्ये तो पॅरिसला लेआँ बोना याच्या चित्रशाळेत गेला. तेथे त्याच्या रंगांत मोकळेपणा आला. पुढील वर्षांत त्याने इटली आणि ग्रीस पाहिले, आणि या प्रवासात त्याच्या मनाने वेगळी वाट धरली. दक्षिणेतील प्राचीन चर्चमधून जी भित्तिचित्रे व रंगीत तुकड्यांची जडावचित्रे त्याने पाहिली, त्यांत आकाश सोनेरी होते, माणसे समोरून पाहणारी होती, आणि दूरवर विरत जाणारे क्षितिज नव्हतेच. पित्याने जे शिकविले त्याच्या नेमके उलट! तरीही ती चित्रे मनाचा ताबा घेत होती.

याच सुमारास डेन्मार्कमध्येही खेड्यापाड्यांतील चर्चमधून चुन्याच्या थरांखाली झाकली गेलेली मध्ययुगीन चित्रे एकामागून एक उघडी होत होती. ठसठशीत बाह्यरेषा, थोडे रंग आणि निरागस कथनशैली असलेली ही चित्रे पाहून देशी परंपरेचा एक हरवलेला धागा हाती आल्यासारखे तरुण कलावंतांना वाटले.

१८८८ च्या सुमारास त्याने ‘बेथेस्दा तळ्याचे पाणी ढवळणारा देवदूत’ हे चित्र पुरे केले. तळ्याकाठी रोगी वाट पाहत आहेत आणि वरून देवदूत येतो, ही योहानाच्या शुभवर्तमानातील कथा. त्याच्या पाठोपाठ ख्रिस्त एका पश्चात्तापी चोरास स्वर्गात घेऊन जातो ते चित्र आले. १८९१ ते १८९४ या काळात रंगविलेले ‘मृतांच्या राज्यात ख्रिस्त’ हे त्याचे पटचित्र तर ग्रुंटविगच्या एका स्तोत्रावरून सुचलेले, आणि ते स्तोत्र एका जुन्या अँग्लो-सॅक्सन काव्यावर आधारलेले. अंधाऱ्या पाताळात बाहू पसरून वेगाने आत शिरणारा ख्रिस्त, आणि युगानुयुगे थांबलेल्या जीवांतून त्याला सामोरी येणारी आदिमाता इव्ह. चित्रातील गती विलक्षण आहे. मात्र दिवाणखान्यात टांगण्याचे हे चित्र नव्हे. त्याला भिंत हवी होती.

या भिंतीपूर्वी त्याने आणखी एका गोष्टीवर हात बसविला. वास्तुकार थोरवाल बिंडेस्बोल याच्याबरोबर तो कुंभाराच्या आव्यावर जाऊन भांडी घडवू व रंगवू लागला. थोर चित्रकाराने गाडगीमडकी रंगवावीत हे काहींना कमीपणाचे वाटले असेल. पण मातीच्या वस्तूवर रंग चढविताना पृष्ठभागाचा मान राखावा लागतो, खोटी खोली दाखवून चालत नाही, हा धडा त्याला तेथेच मिळाला. या दोघांनी मिळून कोपनहेगनच्या नगरभवनापुढील चौकासाठी एका मोठ्या कारंज्याचीही योजना केली. त्यातील वृषभ आणि ड्रॅगन यांची झुंज प्रत्यक्ष बसली ती १९२३ मध्ये. तोपर्यंत बिंडेस्बोल दिवंगत होऊन पंधरा वर्षे लोटली होती.

वीबोर्गच्या कॅथीड्रलचे काम अखेर स्कोवगार्डकडे आले, आणि १९०१ ते १९०६ अशी सहा वर्षे त्याने तेथे घालविली. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने परातीवर उभे राहून जे आरंभिले ते काम साधे नव्हते. त्याने पद्धत निवडली ती ओल्या गिलाव्यावर रंगविण्याची. चुना आणि वाळू यांचा गिलावा भिंतीला लावावयाचा आणि तो ओला आहे तोवरच पाण्यात कालवलेले रंग त्यावर चढवावयाचे. गिलावा सुकताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, चुन्याचा पुन्हा चुनखडीसारखा कठीण थर होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे कैद होतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतच रंगीत होते. यात खाडाखोड करण्यास वाव नाही. एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा सकाळी लावावयाचा. हात चुकला तर तो भाग खरवडून काढून नव्याने आरंभ करावयाचा. यासाठी प्रत्येक प्रसंगाचे लहान खर्डे, त्यावरून भिंतीच्या मापाचे आराखडे, त्यांचे भिंतीवर रेखाटन, असा सारा प्रपंच आधी उरकावा लागे. मदतनिसांचा एक चमू त्याच्या हाताखाली होता. त्यांतील प्रमुख नील्स लार्सन स्टेव्हन्स हा स्वतः समर्थ चित्रकार होता. ओडेन्स येथे हान्स अँडरसनच्या स्मारकदालनात पुढे त्याने जी भित्तिचित्रे रंगविली, त्यांची तालीम वीबोर्गच्या परातीवर झाली असे म्हणावयास हरकत नाही.

सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा, मग ख्रिस्ताचे जीवन, मृत्यू आणि पुनरुत्थान असा हा विस्तार. शिकलेला व न शिकलेला, दोघांनाही भिंतीवरून वाचता यावा असा तो मांडलेला आहे. प्रत्येक प्रसंग भोवतीच्या नक्षीपट्ट्यांत बसविलेला, बाह्यरेषा ठाम, रंग सपाट. पित्याच्या चित्रांतील हवा, धुके व दूरचे आकाश येथे त्याने निग्रहाने सोडून दिले. कारण भिंतीला भोक पाडून पलीकडचा देखावा दाखविणे हे भित्तिचित्राचे काम नव्हे. भिंत भिंतच राहिली पाहिजे.

पण रान काही सुटले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या या नातवाने झाड काढले की ते नुसते ‘झाड’ होत नाही. पानाचा आकार, फांदीचा कल यांना त्यात जागा असते. पशुपक्ष्यांना तर त्याने माणसांइतकेच ममतेने वागविले आहे. निसर्गचित्रे काढणे त्याने पुढेही सोडले नाही. जे शेतात व किनाऱ्यावर बसून टिपले तेच सांकेतिक रूप घेऊन चर्चच्या भिंतीवर आले. या कामात दोष नाहीत असे नव्हे. काही आकृती ताठर आहेत, काही ठिकाणी भोळेपणा मुद्दाम पत्करल्यासारखा भासतो, आणि सहा वर्षांत अनेक हातांनी उरकलेल्या कामात सर्वत्र सारखीच जान असणे शक्यही नाही. तरीही नवे, कोरे आणि काहीसे निर्जीव असे हे चर्च या चित्रांनी जागे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या बांधकामाला नक्कल म्हणून नाक मुरडता येते त्याच्या आत गेल्यावर नकलेचा विचार मनात राहत नाही, कारण भिंतींवरचे काम कोणाचीही नक्कल नाही. पुढे १९१२–१३ मध्ये मध्यदालनाचे लाकडी छतही त्याने रंगविले.

स्कोवगार्डचे अखेरचे मोठे काम डेन्मार्कबाहेर, स्वीडनमधील लुंड येथे आहे. लुंड १६५८ पर्यंत डॅनिश राज्यातच होते आणि मध्ययुगात डेन्मार्कचे आर्चबिशप तेथेच राहत. वीबोर्गचे नवे चर्च बांधणाऱ्यांनी लुंडच्या जुन्या कॅथीड्रलकडे नमुना म्हणून पाहिले होते. त्या कॅथीड्रलच्या वेदीमागील अर्धघुमटात सत्तरीतल्या स्कोवगार्डने १९२७ मध्ये जडावचित्र पुरे केले. पुन्हा येणारा ख्रिस्त आणि थडग्यांतून उठणारे मृत, असा त्याचा विषय आहे. तरुणपणी इटलीत जे सोने पाहिले होते ते अखेर त्याच्या हाती आले. ९ मार्च १९३३ रोजी कोपनहेगनमध्ये त्याचे निधन झाले.

वीबोर्गच्या कॅथीड्रलशेजारी जुने नगरभवन आहे. १७२६ च्या आगीनंतर स्टालक्नेख्टनेच ते बांधले. त्याने उभारलेले चर्च पाडले गेले, पण हे नगरभवन वाचले. १९८१ पासून त्यात स्कोवगार्ड घराण्याच्या चित्रांचे संग्रहालय आहे. पित्याची निसर्गचित्रे आणि पुत्राचे भित्तिचित्रांसाठी केलेले खर्डे तेथे एका छपराखाली पाहावयास मिळतात, आणि दाराबाहेर चार पावले टाकली की त्या खर्ड्यांच्या भिंती समोरच आहेत.