बाजार कुणाला विचारून?

मालेगाव म्हटलं की लोक मागांबद्दल विचारतात. ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. आमच्या गावाची ओळख मागाची नाही आणि मी तर आठवडी बाजाराचं पोर. आमचे अब्बा मण्यार. सायकलच्या कॅरिअरवर बांगड्यांची पेटी बांधून आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असा त्यांचा आठवडा सरायचा.

त्यांतल्या एका गावाचं नाव मी सांगत नाही. मी शाळेत असताना तिथला बाजार नव्या जागी नेला आणि सिमेंटचे ओटे बांधले. कमरेएवढे उंच, सरळ रांगेत. हेतू वाईट नव्हता. माल चिखलातून वर यावा, एवढाच विचार. भाजीवाल्यांचं बरं झालंही असेल. पण बांगडी भरायची कशी? बाईचा हात आपल्या हातात घेऊन, अंगठ्याखालचा सांधा हलके दाबत बांगडी चढवावी लागते. भरणारा आणि भरून घेणारी एका पातळीवर बसलेली हवीत. मण्यार ओट्यावर आणि बाई खाली उभी, हे जमत नाही. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर! जुन्या जागी लिंबाच्या झाडाखाली, कापडवाल्यांच्या मागे आडोसा होता. लेकी-सुना तिथे निवांत बसायच्या, अब्बांना मामू म्हणायच्या, सासरची गाऱ्हाणीही सांगायच्या. नव्या जागी अब्बांनी पेटी ओट्यावर ठेवली आणि स्वतः खाली, ओट्याच्या सावलीत पथारी टाकली. धंदा निम्म्यावर आला. दोन वर्षांनी त्यांनी तो बाजार सोडला. ‘‘विचारलं असतं तर सांगितलं असतं,’’ एवढंच ते म्हणायचे.

पुढे बी.ए.ला इतिहास घेतला. परीक्षेपुरतं वाचलेलं बरंचसं विसरलो. पण बाजाराचा इतिहास दिसला की आजही थांबून वाचतो, आणि दर वेळी अब्बांचंच वाक्य आठवतं.

आपल्या जिल्ह्यातल्या कारंजाचंच बघा. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. १८८६मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला बाजार. याचा आम्हाला अभिमान आहे, असावाही. मात्र तो काढला तो शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे, गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात मिळावा म्हणून. १८९७मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. बाजारावर देखरेखीला समिती आली. समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती. कापूस पिकवणारा मात्र बाहेर, आपल्या बंडीपाशी बैलं धरून उभा.

त्या काळी सौदा कसा व्हायचा, हे नव्या पिढीला सांगायला हवं. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. याला हत्ता म्हणत. माल ज्याचा, तो तिथेच उभा असायचा. त्याला रुमाल तेवढा दिसायचा. मग अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय असं कापत कापत जे उरेल ते त्याच्या पदरात. मी कवी माणूस, मला त्या रुमालावर कविता सुचायला हवी होती. सुचली नाही. राग येतो तिथे मला शब्द फुटत नाहीत.

त्याच १८८६ साली पुण्यात दुसरा एक बाजार उघडला. भाजीबाजार तोवर शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. त्याच्यासाठी अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या खर्चिक मंडईला त्यांचा विरोध होता. आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर पैसा खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीचं नाव महात्मा फुले मंडई झालं. इमारत देखणी आहे, पुणेकर तिच्यावर जीव टाकतात. तरी तिथे गेलो की मला वाटतं, आपण माणसाचं नाव दारावर लावतो आणि त्याचं म्हणणं आत येऊ देत नाही.

हळूहळू दार किलकिलं होत गेलं, हेही खरं. १९२७च्या मुंबई प्रांताच्या कापूस बाजार कायद्याने समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले. १९६३मध्ये महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला. आज समितीच्या अठरा जागांपैकी पंधरा शेतकऱ्यांच्या, दोन अडते-व्यापाऱ्यांच्या आणि एक हमाल-मापाड्यांची. त्या एका जागेचं मला फार अप्रूप आहे. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला बाजाराच्या कारभारात मत असावं, हे कुणाला तरी सुचलं!

पथारीवाल्याला मात्र २०१४पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश बाया असाव्यात, असं तो सांगतो. विक्रेत्यांना हलवायचंच झालं तर नव्या जागेच्या आखणीत त्यांना सामील करा आणि पन्नास वर्षांहून जुना बाजार वारसा म्हणून जाहीर करा, तिथल्यांना उठवू नका, हेही त्यात आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसता बसलो. अर्थात कायदा होणं वेगळं. मुंबईत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला २०२४ उजाडलं.

हा कायदा महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींना लागू आहे. म्हणजे आमच्या मालेगावला लागू, कारण इथे नगरपंचायत आहे. अब्बांनी सोडलेल्या त्या गावात ग्रामपंचायत, म्हणून तिथे नाही. ‘‘तिथे ग्रामसभा आहे की,’’ कुणी म्हणेल. आहे, पण ग्रामसभेत बसतो गावचा मतदार. आठवडी बाजारातला मण्यार, बोहारीण, मसालेवाला, बी-बियाणंवाला दुसऱ्याच गावचे. बाजार त्यांच्यावर चालतो आणि मतदार यादीत त्यांचं नाव नाही. गावाला विचारलं, सगळं रीतसर झालं, तरी त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आता गावोगाव व्यापारी संकुलं उभी राहताहेत. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीचे भाव चढले. उद्या आणखी बाजार हलतील. माझी सूचना साधी आहे. बैठक बाजाराच्या दिवशी बाजारातच घ्या, दुपारी गिऱ्हाईक पांगतं त्या वेळी. तेही जमत नसेल तर बाजारठेक्याची पावती फाडणारा माणूस प्रत्येक पथारीपुढे जातोच. त्याच्या हातात पावतीपुस्तकाबरोबर एक वही द्या. ‘जागा कशी हवी?’ एवढंच विचारू द्या. एखादा मण्यार सांगेल, ओटा गुडघ्याएवढा करा आणि मागे जरा आडोसा ठेवा.