मालवण सागरी अभयारण्य
सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील संरक्षित सागरी क्षेत्र. घोषणा १९८७, क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेल्या सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. भरसमुद्रातल्या बेटांभोवती असते तशी ही अखंड भिंत नव्हे, विखुरलेल्या वसाहती आहेत. म्हणूनच त्या अधिक जपायला हव्यात. नांगराचा एक फटका किंवा पाण्यात उतरलेल्याचा एक पाय वर्षानुवर्षांची वाढ मोडतो. पाणी हिवाळ्यात नितळ असते. पावसाळ्यात समुद्र खवळतो व नौकाविहार बंद राहतो. दक्षिणेस तारकर्लीची पुळण, पुढे कर्ली नदीच्या मुखाशी देवबाग. किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसतात. होडी त्यांच्यामागे पळवू नये. रेल्वेने येणाऱ्यांस कुडाळ स्थानक सोयीचे.