हिशेबाचा कागद

परवा आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहिता लिहिता तो नाटकाकडे वळलेला. त्याच्या एका एकांकिकेचा कन्नड प्रयोग कुठल्याशा मंडळाने तिकीट लावून केला होता. प्रयोग रंगला म्हणे. जाहिरातीत मात्र याचे नाव नव्हते. “सर, नाटक कन्नडमध्ये गेलं याचा आनंदच आहे. पण एका शब्दानं विचारायला नको का?” लेखक संघटनेचा सभासदत्वाचा अर्ज त्याच्या हातात होता. “वर्गणी भरून माझ्यासारख्या नवख्याला काय मिळणार?”

इतिहासाच्या मास्तराचे उत्तर इतिहासातूनच येणार. मी त्याला पॅरिसला नेले.

बोमार्शे या नाटककाराचे ‘सेव्हिलचा न्हावी’ हे नाटक ‘कोमेदी फ्रान्सेझ’ या नाट्यसंस्थेने १७७५ साली रंगभूमीवर आणले. पुढे नाटक चांगले चालले. उत्पन्नात लेखकाचा वाटा असे. पण उत्पन्न किती, हे नटमंडळीच ठरवीत. वर्षाच्या बोलीने दिलेल्या खास बैठकांचे पैसे हिशेबात पुरते धरत नसत. शिवाय गल्ला ठरावीक रकमेखाली घसरला की नाटक कायमचे संस्थेच्या मालकीचे होई. बोमार्शेला पैसे देऊ केले गेले, तेव्हा तो म्हणाला, आधी सहीचा हिशेब द्या.

तो स्वतः श्रीमंत होता, त्याचे अडले नव्हते. तरीही ३ जुलै १७७७ रोजी त्याने नाटककारांना घरी जेवायला बोलावले आणि त्या पंगतीतून नाटककारांची संघटना उभी राहिली. एकट्या लेखकाने हिशेब मागितला तर तो लोभी ठरतो. सर्वांनी मिळून मागितला की तो रिवाज होतो. लढा चौदा वर्षे चालला. अखेर जानेवारी १७९१ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला : हयात लेखकाच्या लेखी संमतीवाचून त्याच्या नाटकाचा सार्वजनिक प्रयोग करता येणार नाही. १८२९ साली नव्याने बांधली गेलेली ती संघटना आजही काम करते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रयोगाचा आणि भाषांतराचा हक्क लेखकाचा मानला आहे. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात दुसरा हक्क विशेष मोलाचा. नाटकाने सीमा जरूर ओलांडावी. पण लेखकाचे नाव संगे घेऊन.

“सही कर,” मी म्हटले, “पण अर्जामागच्या अटी आधी वाच. कोणते हक्क आपल्याकडे ठेवतोस आणि कोणते संघटनेकडे सोपवतोस, ते पाहा.”

त्याने सही केली. जाता जाता सहज विचारले, “सर, आपल्या संमेलनात आपण कधी लेखकाची परवानगी घेतली होती?”

मी गप्प झालो. तीस वर्षांत किती नाटके बसवली! पत्र मात्र एकालाही लिहिले नव्हते. यंदाच्या संमेलनाचे नाटक निवडले, तेव्हा तालमीआधी लेखकाला पत्र टाकले. उत्तर आले, परवानगी मिळाली. तो कागद शाळेच्या दप्तरात लावून ठेवला आहे.