माप कुणाच्या हाती?

अमेरिकेत घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्याच्या हातप्रेसचा दांडा मोडला, तर तो सुटा भाग मागवतो आणि बसवतो. ही सोय आली कुठून, ते आपण पाहू. पूर्वी कारागीर बंदुकीचा प्रत्येक भाग कानशीनं घासून त्याच बंदुकीला बसवी. दुसरीला तो चालत नसे. १७८५मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लाँ यांनी चापाच्या ५० यंत्रणा सुट्या करून अमेरिकेचे वकील जेफरसन यांच्यापुढे मांडल्या. हाताला येतील ते भाग जेफरसननी जुळवले, आणि ते नेमके बसले! यानं दुरुस्ती किती सोपी होईल, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. १८२०च्या दशकात अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉल यांनी हेच यंत्रांच्या साहाय्यानं साधलं. यात आपण मिळवलं काय, गमावलं काय? माप कारागिराच्या हातातून कारखान्यात गेलं. दुरुस्ती सोपी झाली खरी. पण तो भाग बनणं थांबलं, की चांगला प्रेसही आपण भंगारात काढतो.