एसएसडी घेताना किंमत पाहावी की भरवसा? शिवथर–महाडच्या पावसाळ्यात टिकणारे उत्तर

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. बाजारपेठेतील दुकाने पाण्याखाली गेली, वीज आणि मोबाईलचे नेटवर्क बंद पडले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. त्या आपत्तीपुढे कॉम्प्युटरचे नुकसान ही किरकोळ बाब होती. तरीही पाणी ओसरल्यावर चिखलातून काढलेल्या कॉम्प्युटरमधले हिशेब, ग्राहकांची कागदपत्रे आणि लग्नांचे फोटो परत मिळतील का, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहतोच.

आज शिवथर खोऱ्यात, महाडमध्ये किंवा पोलादपूरमध्ये कोणी जुना लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: ‘हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका.’ सल्ला बरोबर आहे. पण दुकानात आणि ऑनलाइन एकाच क्षमतेच्या एसएसडीच्या किमती दुपटीपर्यंत वेगळ्या दिसतात. जास्त पैसे मोजले की डेटा जास्त सुरक्षित राहतो का?

थोडक्यात उत्तर: काही प्रमाणात. अगदी स्वस्त, अनोळखी नावाची एसएसडी टाळावी. मात्र एका मर्यादेपुढे वाढीव पैशातून वेग मिळतो, भरवसा फारसा वाढत नाही. तो पैसा डेटाच्या दुसऱ्या प्रतीवर घालवणे जास्त शहाणपणाचे.

एसएसडी म्हणजे काय?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चकती आणि तिच्यावरून सरकणारा वाचक-हात असतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तिच्यात पेनड्राइव्हसारख्याच, पण अधिक चांगल्या प्रतीच्या फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. त्यांचा कारभार पाहणारी एक मुख्य चिप असते, तिला कंट्रोलर म्हणतात. माहिती कोणत्या कप्प्यात ठेवायची, कोणता कप्पा खराब झाला, चुका कशा दुरुस्त करायच्या, हे सगळे कंट्रोलर ठरवतो. हलणारे भाग नसल्याने एसएसडी वेगवान असते आणि धक्के सोसते.

स्वस्त आणि महाग यांत फरक कशाचा?

पहिला फरक चिपचा. एका कप्प्यात किती बिट साठवायचे यावरून त्यांचे प्रकार पडतात: एसएलसी म्हणजे १ बिट, एमएलसी म्हणजे २, टीएलसी म्हणजे ३ आणि क्यूएलसी म्हणजे ४. क्यूएलसीच्या एका कप्प्यात विद्युतभाराच्या १६ पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे ती स्वस्त पडते, पण लवकर झिजते. मोठी फाईल लिहिताना तिचा वेगही एकदम खाली येऊ शकतो.

दुसरा फरक डीरॅमचा. कोणती माहिती कुठे आहे याचा नकाशा ठेवण्यासाठी चांगल्या ड्राइव्हमध्ये ही वेगळी चिप असते. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती नसते.

तिसरा फरक वेगाचा. सॅटा प्रकारची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई प्रकारची हजारो एमबीपर्यंत. पण वेग आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या लॅपटॉपला अनेकदा सॅटाच लागते. तिथे महाग एनव्हीएमई बसणारही नाही.

चौथा फरक वॉरंटीचा. स्वस्त मालिकांना बहुधा ३ वर्षे, वरच्या मालिकांना ५ वर्षे.

स्वस्त एसएसडी लवकर झिजते का?

प्रत्येक एसएसडीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील, हे तो सांगतो. किंगस्टनच्या ए४०० या स्वस्त मालिकेतील २४० जीबीच्या ड्राइव्हला हा आकडा ८० आहे. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या वरच्या मालिकेत १ टीबीला तो ६०० आहे, तर त्याच कंपनीच्या क्यूएलसी चिपच्या ८७० क्यूव्हीओमध्ये १ टीबीला ३६०.

८० हा आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून पाहावा. गावातल्या सेवा केंद्रात दिवसाला शंभर जणांची कागदपत्रे स्कॅन झाली, तरी ती एक-दोन जीबीच्या पुढे क्वचित जातात. विंडोज आणि ब्राउझर स्वतःहून लिहितात ते धरून दिवसाला २० जीबी मानले, तर ८० टेराबाइट संपायला ४,००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षे लागतील. तोवर कॉम्प्युटरच जुना झालेला असेल.

अमेरिकेतील ‘द टेक रिपोर्ट’ने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर अखंड लिहीत राहण्याची चाचणी घेतली. सगळ्या ड्राइव्हनी ७०० टेराबाइटचा टप्पा ओलांडला आणि काही दोन हजार टेराबाइटच्याही पुढे गेल्या. त्या ड्राइव्ह आजच्या क्यूएलसीच्या नव्हत्या, तरी मुद्दा कायम राहतो: साध्या वापरात एसएसडी झिजून मरण्याची वेळ सहसा येत नाही.

मग ती बंद कशाने पडते?

कंट्रोलर बिघडणे, त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमधील चूक, वीजपुरवठ्यातील गडबड, खराब जोडणी ही कारणे जास्त महत्त्वाची. यातली अडचण अशी की हार्ड डिस्क बिघडण्याआधी अनेकदा खडखड आवाज करते, संथ होते. एसएसडी मात्र सकाळी चालू आणि दुपारी गायब, अशीही जाऊ शकते. कंट्रोलर गेला की आतली माहिती काढणे अवघड आणि खर्चिक होते. पुसलेल्या फाईल परत मिळण्याची शक्यताही हार्ड डिस्कपेक्षा कमी, कारण मोकळे झालेले कप्पे एसएसडी स्वतःच साफ करून ठेवते.

खोक्यावर ‘१५ लाख तास’ असा आकडा दिसतो. याचा अर्थ ड्राइव्ह १७१ वर्षे चालेल असा नाही. हजार ड्राइव्ह वर्षभर चालवल्या तर सुमारे सहा बंद पडतील, असा तो सरासरीचा अंदाज असतो. आपल्या हातात आलेली ड्राइव्ह त्या सहांतली नसेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

महाग घेतली म्हणजे निर्धास्त?

नाही. गुगलच्या डेटा सेंटरमधील सहा वर्षांच्या नोंदी तपासून टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास मांडला. महाग एसएलसी ड्राइव्ह तुलनेने स्वस्त एमएलसीपेक्षा प्रत्यक्षात अधिक भरवशाच्या ठरल्या नाहीत, असे त्यात आढळले. किती लिहिले याइतकेच ड्राइव्हचे वयही महत्त्वाचे होते. हार्ड डिस्कच्या तुलनेत एसएसडी कमी वेळा बदलाव्या लागल्या, पण काही माहिती वाचताच न येण्याचे प्रकार त्यांत जास्त होते.

दुसरे उदाहरण २०१९ चे. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने सर्व्हरसाठीच्या काही महाग एसएसडींबाबत इशारा दिला. सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे त्या ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडणार होत्या. एकाच दिवशी सुरू केलेल्या ड्राइव्ह एकाच वेळी जाण्याचा तो धोका होता. म्हणून मूळ प्रत आणि दुसरी प्रत एकाच वेळी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन ड्राइव्हवर ठेवू नये.

नाव तेच ठेवून आतील भाग बदलण्याचे प्रकारही झाले आहेत. क्रुशियलच्या पी२ या ड्राइव्हमध्ये टीएलसीऐवजी क्यूएलसी चिप येऊ लागल्याचे २०२१ मध्ये समोर आले. त्यामुळे जुन्या परीक्षणावर पूर्ण विसंबू नये.

शिवथर खोऱ्यात वेगळे काय पाहावे?

महाड-पोलादपूर भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात वीज जाणे-येणे नेहमीचे. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली माहिती हरवते आणि क्वचित ड्राइव्हचा नकाशाच बिघडतो. अशा वेळी तग धरणारे कपॅसिटर सर्व्हरच्या महाग ड्राइव्हमध्ये असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये सहसा नसतात. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर ही काळजी मिटते. डेस्कटॉप असेल तर महाग एसएसडीपेक्षा साधी एसएसडी आणि एक यूपीएस ही जोडी जास्त उपयोगाची.

दुसरी गोष्ट पुराची. पाण्यात गेलेला कॉम्प्युटर ‘चालतो का बघू’ म्हणून लगेच सुरू करू नये. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की शॉर्ट होऊन उरलीसुरली आशाही संपते. ड्राइव्ह काढून डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे द्यावी. आणि मुळात दुसरी प्रत त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पुरात दोन्ही एकदमच जातात.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. वॉरंटीत बदली ड्राइव्ह मिळवायची तर इथल्या ग्राहकाला ती सहसा कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावी लागते. कंपनी नवी ड्राइव्ह देते, डेटा देत नाही. ड्राइव्ह परत पाठवताना आतली खासगी कागदपत्रेही तिच्याबरोबर जातात, हेही लक्षात ठेवावे.

‘१६ टीबी, फक्त दोन हजारांत’: हे काय असते?

सोशल मीडियावरच्या अशा जाहिरातींतील ड्राइव्ह जवळजवळ नेहमीच बनावट असतात. आत छोटे मेमरी कार्ड बसवून कॉम्प्युटरला खोटी क्षमता दाखवली जाते. खरी जागा भरली की जुन्या फाईलवरच नवे लिहिले जाते. नावे दिसतात, पण फाईल उघडत नाहीत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या मोफत प्रोग्रॅमने खरी क्षमता तपासता येते. चाचणी ड्राइव्ह रिकामी असतानाच करावी.

कोणी कोणती घ्यावी?

* घरचा किंवा अभ्यासाचा लॅपटॉप: नामांकित कंपनीची, ३ वर्षे वॉरंटीची साधी एसएसडी पुरते.
* सेवा केंद्र, पतसंस्था, दुकानाचा हिशेब: टीएलसी चिपची, ५ वर्षे वॉरंटीची ड्राइव्ह. सोबत यूपीएस आणि रोजची दुसरी प्रत.
* फोटो-व्हिडिओ स्टुडिओ: क्यूएलसी टाळलेली बरी. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी ड्राइव्हचा वेग, राखीव जलद जागा भरल्यावर, कंपनीच्याच आकड्यांनुसार सेकंदाला ८० एमबीपर्यंत उतरतो. कामाला एसएसडी, साठवणीला मोठी हार्ड डिस्क हा हिशेब स्वस्त पडतो.
* वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत: एसएसडीपेक्षा हार्ड डिस्क बरी. वीज न मिळाल्यास एसएसडीतील विद्युतभार हळूहळू ओसरतो. ‘जेडेक’ या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात, वीज नसताना, एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित असते. नवी ड्राइव्ह जास्त काळ टिकवते, तरी अधूनमधून जोडून पाहणे चांगले.

पैसे देण्यापूर्वी आणि नंतर

* लॅपटॉपला सॅटा लागते की एनव्हीएमई, हे आधी विचारावे.
* टीबीडब्ल्यू आणि वॉरंटीची वर्षे कंपनीच्या वेबसाइटवर पाहावीत. दोन्हींपैकी जे आधी संपेल, तिथे वॉरंटी संपते.
* जीएसटीचे बिल घ्यावे आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा.
* गरजेपेक्षा थोडी मोठी ड्राइव्ह घ्यावी आणि दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.
* ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ड्राइव्हची तब्येत महिन्यातून एकदा पाहावी. ‘गुड’ दिसले तरी दुसरी प्रत ठेवणे थांबवू नये.
* महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. महाडच्या बाजारपेठेतील दुकानदारासाठी ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे पुराच्या रेषेच्या वर राहणाऱ्या नातेवाइकाचे घर किंवा क्लाउड.

शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याण स्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. लिहिणे नेटके आणि टिकाऊ कसे असावे, हे त्यात सांगितले आहे. पण ग्रंथ आजवर पोहोचला तो केवळ चांगल्या कागद-शाईमुळे नाही. ठिकठिकाणच्या मठांत त्याच्या नकला होत राहिल्या, म्हणूनही तो टिकला. एसएसडी घेतानाही हाच क्रम लावता येतो: आधी दुसऱ्या प्रतीचा खर्च बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशात बसेल ती चांगली ड्राइव्ह घ्यावी.