द ड्रेस्डेन फाइल्स : पात्रसंबंध आणि निष्ठा

अमेरिकन लेखक जिम बुचर (जन्म १९७१) यांची शिकागोत घडणारी अद्भुतरम्य कादंबरीमालिका. पहिला भाग ‘स्टॉर्म फ्रंट’ २००० साली निघाला. निवेदक हॅरी ड्रेस्डेन हा मांत्रिक आणि खासगी गुप्तहेर. लहानपणीच पोरका झालेला. त्यामुळे त्याला रक्ताची नाती उशिरा कळतात, तोवर जीव जडलेला असतो. थॉमस रेथ सावत्र भाऊ असल्याचे ‘ब्लड राइट्स’मध्ये (२००४) उघड होते, तर सांभाळ करणारा गुरू एबेनेझर मॅकॉय आईचा बाप निघतो.

मालिकेचा कणा मात्र पोलीस अधिकारी कॅरिन मर्फी हिच्याशी असलेली मैत्री. सुरुवातीला तिला जपण्यासाठी हॅरी सत्य लपवतो आणि ती त्याला बेड्या घालते. विश्वास बसायला अनेक भाग जातात. पुढे त्याला साथ दिल्यामुळेच तिची पदावनती होते.

परीलोकातील निष्ठा वेगळी. तिथे माया नाही, शब्दाचा करार आहे. ‘चेंजेस’मध्ये (२०१०) मुलगी मॅगीला वाचवण्यासाठी हॅरी तिथल्या हिवाळी दरबाराची राणी मॅब हिचा सरदार होतो; पुढे त्याच भागात मुलीची आई सुझन हिचा जीव त्याला स्वतःच्या हातांनी घ्यावा लागतो. निष्ठेची इतकी जबर किंमत मांडणारा प्रसंग मालिकेत दुसरा नाही.

‘बॅटल ग्राउंड’मध्ये (२०२०) मर्फीचा मृत्यू होतो, तो राक्षसाच्या नव्हे, एका घाबरलेल्या पोलिसाच्या गोळीने.